आमची वाटचाल : चालकाचा रकाना

१९९१ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही जळगावात गाड्यांच्या विम्याचा धंदा मांडला. आरटीओच्या भिंतीला लागून निंबाच्या सावलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पत्र्याची पेटी. आम्ही म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. पेटीत कव्हर नोटचं (पॉलिसी येईपर्यंतच्या कच्च्या कागदाचं) पुस्तक, कार्बन, शिक्का, टॅरिफचं म्हणजे ठरलेल्या विमा-दरांचं पुस्तक आणि मऊ शिशाच्या चार पेन्सिली. या पेन्सिली लिहायला नव्हत्या.

जुन्या लोकांना सांगायला नको, पण आजच्या पोरांनी चेसिसची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराची, छाप घेतलेली नाही म्हणून सांगतो. ट्रकच्या पुढच्या चाकामागे, पट्टीवर नंबर ठोकलेला असतो. त्यावर ग्रीस आणि चिखलाचा बोटभर थर. रॉकेलच्या बोळ्यानं तो पुसायचा, वर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची. काळ्यातून पांढरा आकडा वर येतो. कागद जरा हलला की ३ चा ८ होतो आणि क्लेमच्या वेळी तो ८ गळ्याशी येतो. मावसभाऊ ट्रकखाली पाठीवर सरकून दोन मिनिटांत छाप घेऊन यायचा. त्याच्याइतकी स्वच्छ छाप मी अजून पाहिलेली नाही. पुढे त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते लिहीनच, पण हेही लिहिलं पाहिजे.

टॅरिफचं पुस्तक गाडीचं सगळं विचारायचं. कार असेल तर सीसी, ट्रक असेल तर वजन, गाडी किती वर्षांची, कुठल्या झोनची, म्हणजे भागातली. आमची कार झोन बी, ट्रक झोन सी. ती चालवतो कोण, याची मात्र पुस्तकाला फिकीर नव्हती. ते आम्ही बघायचो. टायरची आतली कड कशी झिजलीय, क्लचला जळका वास येतो का, उतारावर गाडी लावली तर चाकाला दगड लावला का. डायव्हरशी चहा पिताना डोळे बघायचे. हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं नसतं, पण विमा कंपनीच्या ब्रँचचा साहेब विचारायचा, ‘घेऊ का रे ही गाडी?’ मी नाही म्हटलं तर तो घेत नसे. चौतीस वर्षांत मला त्याहून मोठं सर्टिफिकेट मिळालेलं नाही.

सावद्याचे नाना १९९२ मध्ये आले. एकच ट्रक, केळी घेऊन दिल्लीच्या आझादपूर मंडीत जाणारा. दुसऱ्याच वर्षी तो बऱ्हाणपूरच्या पुढे उलटला. मी रात्रीच्या एसटीनं गेलो, पंचनाम्याची नक्कल मिळेपर्यंत दोन दिवस ठाण्यासमोरच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली आणि कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरसोबतच परत आलो. क्लेम मिळाला. त्यानंतर मी त्यांना पॉलिसी समजावून सांगायला लागलो की नाना हात वर करायचे, ‘मले कागद नको दाखू भो. गाडी पडली त तू येशीन का नही, तेवढं सांग.’

पुढची बारा-तेरा वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. पॉलिस्या होत गेल्या, गोलाणी मार्केटमध्ये गाळा घेतला, पोरं शिकली. १ जानेवारी २००७ ला टॅरिफ उठलं आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर कंपन्या आपापला ठरवू लागल्या. थर्ड पार्टीचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर तेवढा सरकारी राहिला. गिऱ्हाईक डिस्काउंट विचारायला शिकलं. तेही निभावलं.

निभावलं नाही ते २०१८.

सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घेणं बंधनकारक झालं. हेतू चांगलाच होता, रस्त्यावर विम्याविना धावणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात. पण आमच्यासारख्यांचं गणित बघा. नवी गाडी शोरूममधून विमा घेऊनच बाहेर पडते. पूर्वी ती वर्षभरानं आमच्याकडे यायची. आता दुचाकीवाला पाच वर्षं फिरकणार नव्हता, आणि दुचाकी म्हणजे आमचं रोजचं मीठ-मिरची.

त्याच दसऱ्याला मावसभाऊ हायवेवरच्या एका शोरूमच्या विमा-टेबलावर बसला. पगार, एसी, टाय. जाताना भांडला नाही, सांगूनच गेला. पण ड्यू-डेटचं रजिस्टर त्यानं आधीच झेरॉक्स करून नेलं होतं, ते मला कार्तिक पौर्णिमेला कळलं. सत्तावीस वर्षांचं रजिस्टर. कुणाची पॉलिसी कुठल्या तारखेला संपते, कोण उधारी ठेवतो, कोणाला सकाळी फोन केलेला चालत नाही, सगळं त्यात. मी फोन करायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन गेलेला असायचा. वर सांगायचा, ‘एजंट म्हणजे मधला खाणारा. इथे कॅशलेस आहे.’ मधला खाणारा! ट्रकखाली आडवं होऊन रॉकेलचं बोट डोळ्यात घालून घेतलं ते कोणी?

मार्चपर्यंत गाळ्याचं भाडं थकलं. गाळा सोडला, टेबल घराच्या ओसरीत आलं. त्या वर्षी नानांनाही शोरूममधून कमी दराचा कागद आला होता. नाना अकरा ट्रकांच्या आर. सी. बुकांची पिशवी घेऊन ओसरीत येऊन बसले, भरीत-भाकरी खाल्ली आणि जाताना पिशवी ठेवून गेले. दराबद्दल चकार शब्द नाही. त्या अकरा ट्रकांवर आम्ही २०२० आणि २०२१ काढली.

कोरोनानंतर गिऱ्हाइकांचं गाडी वापरणंच बदललं. रिटायर झालेल्या मास्तरांची कार आठवड्यातून एकदा निघते, घरात दुसरी गाडी आली की पहिली धूळ खाते. ‘चालवत नाही तर पूर्ण पैसे का भरू?’ हा प्रश्न मी दहा वर्षं ऐकत होतो. जुलै २०२२ मध्ये विम्याचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयनं परवानगी दिली आणि किलोमीटरप्रमाणे किंवा चालवण्याच्या पद्धतीप्रमाणे हप्ता ठरवणारी, मूळ पॉलिसीला जोडायची जोड-कव्हरं आली. किलोमीटरवालं मी स्वतः बऱ्याच जणांना दिलं. सरळ हिशेब आहे, मीटरचा फोटो काढा. फक्त ठरलेले किलोमीटर संपत आले की वेळेत वाढवून घ्या, क्लेमच्या दिवशी आठवून उपयोग नाही.

चालवण्याच्या पद्धतीवाल्याची गंमत निराळी. नानांच्या नातवानं आपल्या कारसाठी ते घेतलं. फोनमधलं ॲप वेग, वळण, ब्रेक सगळं मोजतं आणि मार्क देतं. कापसाच्या दिवसांत संध्याकाळी भुसावळहून सावद्याला येताना समोर कापसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. पोरानं करकचून ब्रेक दाबला आणि गाडी हातभर अंतरावर थांबवली. ॲपनं मार्क कापले. नानांनी मला फोन लावला, ‘मंग ठोकली असती त मार्क वाढले असते का भो?’

मी हसलो, पण उत्तर नव्हतं. ॲपचं म्हणणं खोटं नाही. वारंवार जोरात ब्रेक दाबणारा बहुधा पुढच्या गाडीला चिकटून चालवतो. पण आमच्या रस्त्यावर चांगल्या डायव्हरचा पायही ब्रेकवरच असतो. ट्रॉली ॲपला दिसत नाही. मी असतो तर त्या पोराला त्या दिवशी पेढा दिला असता.

आता ‘ॲडास’वाल्या गाड्या आल्या. २०२१ पासून आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही स्वतः ब्रेक मारणं, लेन सोडली की स्टिअरिंग सांभाळणं सुरू झालं. चोपड्याकडच्या एका जिनिंगवाल्या तरुणानं अशी गाडी घेतली, विमा अर्थात त्याच शोरूमच्या टेबलावर. डंपरमधून उडालेल्या खडीनं पुढची काच तडकली. त्यानं ओळखीच्याकडून स्वस्तात काच बसवली. आरशामागचा कॅमेरा नव्या काचेला जुळवून घ्यायचा असतो, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात, ते काही झालं नाही. महिन्याभरात रिकाम्या रस्त्यावर गाडीनं आपणहून ब्रेक मारला आणि मागचा टेम्पो येऊन आदळला. मागचा बंपर, त्यातले कोपऱ्यातले दोन रडार, डिकी. एकेकाळी बंपर म्हणजे पत्र्याचं काम होतं, गॅरेजवाला हातोडीनं दुपारपर्यंत सरळ करायचा. आता बंपरमध्ये अर्धी गाडी बसलीय.

टेबलावरून त्याला टोल फ्री नंबर मिळाला. मग तो ओसरीत आला. माझी पॉलिसी नव्हती, तरी बसलो. सर्व्हेअरचा पहिला प्रश्न कॅलिब्रेशनचा. चार फेऱ्या मारल्यावर क्लेम झाला, पण झिरो डेप, म्हणजे घसारा कापू न देणारं जोड-कव्हर, घेतलेलं नव्हतं, त्यामुळे प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला गेला. आणि चूक टेम्पोची म्हणा की कॅमेऱ्याची, आपल्या पॉलिसीवर क्लेम घेतला म्हणून नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, शून्य. तर अशी गाडी असेल तर झिरो डेप घ्याच, काच बदलली की कॅलिब्रेशनची पावती डिकीत नाही, घरी ठेवा, आणि हप्ता वाचवायला आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, खाली आणू नका. विचारलं नव्हतं, ठाऊक आहे.

त्याचा क्लेम फॉर्म भरताना मी एका रकान्यापाशी थांबलो. चालकाचं नाव, लायसन्स नंबर, वैधता. ब्रेक तर गाडीनं मारला होता. लिहिलं त्याचंच नाव, कारण आजच्या गाड्यांत हात स्टिअरिंगवर आणि जबाबदारी चालकावरच. पण बाहेर हे बदललंय. ब्रिटननं २०१८ मध्येच कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं जखमीला आधी पैसे द्यायचे आणि मग गाडी बनवणाऱ्याकडून वसूल करायचे. अमेरिकेत फिनिक्समध्ये चालकाची सीट रिकामी ठेवून टॅक्सी धावतात. आपल्याकडे चालकांच्या रोजगारासाठी अशा गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरींनी २०१७ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. येतील तेव्हा येतील. तेव्हा माणसाचे डोळे, टायरची कड, ॲपचे मार्क, सगळं बाजूला पडेल आणि पुन्हा फक्त गाडीचं विचारलं जाईल, टॅरिफच्या पुस्तकासारखं. ते पुस्तक मी रद्दीत दिलेलं नाही.

मावसभाऊ लग्नाकार्यात भेटतो. शोरूममध्येही आता फोनवरच पॉलिसी निघते, टेबल हलवलं म्हणे. आम्ही पंगतीत शेजारी बसतो, वरण-बट्टीवर तुपाची धार घेतो, धंद्याचं बोलत नाही. रजिस्टरचं मी एकदाही काढलेलं नाही. काढणारही नाही, इथे लिहिलं तेवढं पुरे.

नानांचे ट्रक आता चौदा. त्यातल्या दोन ट्रकांत डायव्हरला डुलकी लागली की ओरडणारा कॅमेरा बसवलाय. डायव्हर त्यावर टोपी अडकवतात.

ऑफिस ओसरीतच आहे. वेळ सकाळी दहा ते सात, रविवारी बंद. अपघात झाला असेल तर रविवारीही फोन करा. गाडी जागेवरून हलवायच्या आत चारही बाजूंचे फोटो काढा, आणि त्यात नंबर प्लेट दिसू द्या.