कोळसा खाऊ, पाणी पिऊ : रंगीत तालमीच्या तोंडावर

गिरगावातल्या आमच्या शाळेचं संगीत नाटक आता शेवटच्या टप्प्यात आलंय. चाली बसल्या, नाचाच्या जागा ठरल्या, येत्या शनिवारी रंगीत तालीम. ती आणि प्रयोग, दोन्ही साहित्य संघ मंदिरात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: नाटक पहिल्या आगगाडीवर आहे. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे आणि ओढायला तीन इंजिनं: साहेब, सिंध आणि सुलतान. आमच्याकडे ही तिन्ही इंजिनं गातात. संहिता मराठीच्या बाईंची, चाली संगीताच्या सरांच्या, पेटीवर मी, तबल्यावर शाळेचाच एक माजी विद्यार्थी.

बाईंनी आणखी एक धागा सुरेख गुंफलाय. त्याच १८५३ साली मराठी नाटकाचे आद्य नाटककार विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत आले आणि ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचे खेळ झाले. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं त्याला धरून आपली बोलणी करायची. आमचा सूत्रधारही पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावर, माझ्या पेटीला लागूनच उभा असतो. मला याचा फार आधार आहे. गर्दीत कुणाचा सूर हलला तर तो हलकेच षड्ज, म्हणजे सा, धरतो आणि बाकीची पोरं त्यावर येतात.

गाणी आता छान होतात. सगळा वेळ जातोय तो गाण्यात शिरण्याच्या जागांवर. शाळेच्या नाटकांत नेहमी दिसणारं चित्र असं: संवाद संपतो, पेटी मुखडा वाजवते, मुलं हात सरळ करून रांगेत उभी राहतात आणि मग गातात. तेवढ्या वेळात नाटक थांबलेलं असतं. मुलं कितीही सुरेल गायली तरी प्रेक्षक पुन्हा गोष्टीत यायला वेळ लागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यांत गाणी घासत बसण्यापेक्षा हे सांधे घासावेत, असं माझं ठाम मत झालंय.

आमचा सगळ्यात लाडका सांधा पहिल्याच प्रवेशात आहे. बोरीबंदरला बघ्यांचा गलका चाललाय. सहावीतली एक मुलगी, कोळीण झालेली, इंजिनाभोवती एक फेरी मारते आणि विचारते, "अहो, हिला खायला काय घालता हो?" त्यावर तिन्ही इंजिनं सुरू होतात: "कोळसा खाऊ, पाणी पिऊ, एकवीस मैल धावत जाऊ." मधे वाद्यांचा तुकडाच ठेवला नाही. तिचा शेवटचा "हो" काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जावर लांबतो आणि तोच सूर इंजिनं उचलतात. मग तिला सूर कुठून मिळतो? गलका चालू असताना मी खालच्या सप्तकातला सा भात्यावर अगदी दबका धरून ठेवते. ती फेरी मारून पेटीच्या बाजूलाच येते, तिला तो नीट ऐकू येतो. गलक्यामुळे प्रेक्षागृहात तो वेगळा कळत नाही. परवा तिने "हो" इतका सहज लांबवला, की मागच्या बाकावर बसलेल्या शिपाईमामांनी कोळशाचं उत्तर स्वतःच देऊन टाकलं. त्या क्षणी मला खात्री पटली, की ही जागा जमली.

दुसरा सांधा सुलतानचा. आठवीतला मुलगा, दिवाळीनंतर आवाज फुटला. त्याचं कडवं काढून दुसऱ्याला द्यावं असं एक मत होतं. सरांनी ते मानलं नाही आणि मला ते मनापासून पटलं. आवाज फुटला म्हणून मुलाचं गाणं काढून घेतलं, तर तो पुन्हा गाण्याकडे वळेल याची शाश्वती नसते. कोरस काळी एकमध्ये आहे. सरांनी त्याचं कडवं काळी चारमध्ये नेलं, आणि काळी चार म्हणजे काळी एकचा पंचम, म्हणजे प. कोरसची शेवटची ओळ पंचमावर थांबते, तोच त्याचा नवा सा होतो. त्याच्या खालच्या पंचमापासून वरच्या पंचमापर्यंतच चाल फिरते. सध्या तेवढ्या टापूत त्याचा आवाज भरीव लागतो. तबलाही बदलावा लागत नाही. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या शुद्ध मध्यमाला, म्हणजे म ला, बोलतो, आणि कडव्यात मध्यमावर भरपूर ठेहराव आहे. आवाज बदलत असलेले मुलगे तुमच्या संचात असतील तर हा पंचमाचा रस्ता जरूर धरून पाहा.

आता ध्वनी. शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सगळे एकमेकांना थेट ऐकतो, नाट्यगृहात तसं होत नाही. स्पीकरची तोंडं प्रेक्षकांकडे असतात. मुलांपर्यंत येतो तो मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. प्रेक्षागृह २५ मीटर लांब धरलं तर जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे जवळजवळ ०.१५ सेकंद उशीर. आमचं गाडीचं गाणं मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आहे, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. मुलांनी त्या परतलेल्या आवाजावर ताल धरला तर पाव मात्रेहून जास्त मागे पडतील, आणि गाडीचं गाणं रेंगाळलं तर काय उरलं! म्हणून दोन्ही विंगांत आत तोंड करून छोटे मॉनिटर, म्हणजे मुलांना ऐकू येण्यासाठीचे स्पीकर, लावायला सांगितलेत. त्यांत फक्त पेटी आणि तबला सोडायचा, मुलांचे आवाज नाहीत. ते सोडले की माईक किंचाळायला लागतात.

कपड्यांचं काम बरंचसं झालंय. पुठ्ठ्याची इंजिनं मुलं खांद्याला पट्टे लावून घालतात. कॉलर माईक पुठ्ठ्याला घासून खरखरतो, म्हणून तो धुराड्याच्या टोपीखाली, कपाळावर केसांच्या रेषेशी चिकटवणार आहोत. टोपीने कान झाकले जात होते, हस्तकलेच्या बाईंनी कडा वर कापून दिल्या.

शनिवारी सुलतानचं कडवं पहिल्यांदाच टोपी, पुठ्ठा आणि माईक सगळ्यासकट होईल. तबलजीला तासभर आधी बोलावलंय. आपल्या दमट हवेत लावलेला तबला एसीत चढतो, तेव्हा तो आधी तिथे थोडा वेळ ठेवायचा, मग काळी एकला लावायचा आणि त्यानंतरच कोळिणीला फेरी मारायला सांगायची.