तुम्ही विचारलंत म्हणून: बाईकच्या इंजिनाची चारचाकी आणि बसणारी बॅटरी

“बाईकचं इंजिन टाकून चारचाकी केली. चालते बरी, पण आठवडाभरात बॅटरी बसते. सेल्फ ‘टक्‌’ करतो अन् थांबतो. कारची 35 अँपियर-अवरची बॅटरी टाकून देऊ का?” वावरात फवारणीची टाकी ओढायला गाडी केलेले शेतकरी हे विचारतात, आणि बडनेरा, शेगाव, पुसदकडची इंजिनिअरिंगची पोरंही.

नका टाकू. म्हणजे टाकली तरी चालेल, पण दुखणं जाणार नाही, नुसतं लांबेल. विहीर रुंद केली म्हणून झरा वाढत नाही. इथला झरा म्हणजे इंजिनाच्या डाव्या झाकणाखालची कॉइल प्लेट, म्हणजे स्टेटर. कारच्या अल्टरनेटरमध्ये चुंबकत्व विजेनं तयार होतं. लोड वाढला की रेग्युलेटर ते वाढवतो आणि छोट्या कारमध्येही 40-50 अँपियर मिळतात. बाईकच्या मॅग्नेटमध्ये चुंबक कायमचे चिकटवलेले असतात. ते मागणी बघत नाहीत, आरपीएम बघतात. 150-200 सीसीच्या इंजिनातून 5000 आरपीएमला दहा ते पंधरा अँपियर निघाले तर निघाले. आयडलला त्याचा तिसरा हिस्साही धरू नका.

आता कागद घ्या. वॉटला 13.5 नं, म्हणजे चार्जिंगच्या व्होल्टनं, भागलं की अँपियर. इंजेक्शनवालं, पाण्यानं थंड होणारं इंजिन धरू. ईसीयू (इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर), इंजेक्टर, इग्निशन कॉइल मिळून 40 वॉट. पेट्रोल पंप 45. दोन एच-4 बल्बचा लो बीम 55 अधिक 55, म्हणजे 110. टेललाइट आणि मीटर 15. इथेच 210 वॉट झाले, साडेपंधरा अँपियर. अजून रेडिएटरचा पंखा लागलाच नाही, ब्रेकचे 21-21 वॉटचे दोन बल्ब पेटलेच नाहीत. चिखलात पांधणीनं पहिल्या गिअरमध्ये चाललात, की इंजिन तीन हजाराच्या पुढे जात नाही आणि पंखा बंद होत नाही. बॅटरी बसते ती अशी, चालत्या गाडीत.

पंख्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा 45 च्या वर गेला की कारचा 80 वॉटचा पंखा जवळजवळ सतत फिरतो. त्यात जिनिंगजवळ गाडी उभी राहत असेल तर रेडिएटरच्या जाळीत रुई आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमदा बसतो. पंखा सहा अँपियर खातो आणि हवा मात्र आत जात नाही. पंखा बदलण्याआधी जाळी आतून बाहेर, कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवा. पंख्याभोवती पत्र्याचं आवरण नसेल तर ते करा. पंखा थेट स्विचवर न ठेवता थर्मोस्विचवर घ्या, साधारण 95 अंशाला चालू, 88 ला बंद. आणि सेल्फ मारताना तो बंदच पाहिजे. पाच पिनांचा रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, घ्या. पंख्याची वीज 30 नंबरच्या पिनेतून आत आणि 87ए मधून बाहेर जाऊ द्या, सेल्फच्या बटणाची वायर 86 ला, 85 अर्थला. बटण दाबलं की पंखा तुटतो. लोडशेडिंग आपल्याला नवीन थोडंच आहे!

पण कागदावर विसंबू नका, मोजा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. गावातल्या लाइनमनकडचा क्लॅम्प बहुतेक फक्त एसीचा असतो, तो बॅटरीच्या वायरीवर शून्यच दाखवेल. बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीला क्लॅम्प लावा, लाइट-पंखा-पंप सगळं चालू करा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. आकडा उणेचा अधिक होताना ज्या आरपीएमला शून्यावर येतो, तो तुमच्या गाडीचा खरा आकडा. तो 4500 आला आणि गाडी दिवसभर तीन हजारावर चालत असेल, तर बाकी काही विचारू नका.

तो खाली आणायचा स्वस्त मार्ग म्हणजे एलईडी. दोन्ही हेडलाइट मिळून 110 चे 36 वॉट होतात. मात्र जुन्या कार्बुरेटरवाल्या छोट्या बाईकमध्ये हेडलाइट थेट एसीवर असतो. त्यावर डीसीचे एलईडी लावले की लुकलुकतात, मग जळतात. आधी कॉइलचं प्लेटला अर्थ केलेलं टोक सोडवून बाहेर काढा आणि फुल-वेव्ह रेक्टिफायर लावून सगळं डीसी करा.

एक गैरसमज: एलईडी लावले की स्टेटर थंड राहतो. नाही राहत. बहुतेक बाईकमधला रेग्युलेटर शंट जातीचा असतो. उरलेली वीज तो स्टेटरच्या वायरी आपसात शॉर्ट करून जिरवतो, म्हणजे लोड असो-नसो, कॉइलमधून करंट वाहतच राहतो. कॉइल वारंवार जळत असेल तर सिरीज जातीचा रेग्युलेटर लावा, तो शॉर्ट करण्याऐवजी वाटच तोडतो. आणि रेग्युलेटर कुठलाही असो, त्याला वारा हवा. बाईकवर तो वाऱ्यात असतो, गाडीत लोक तो सीटखाली कोंबतात. जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, पुढून हवा लागेल असा बसवा. स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरींचा कनेक्टरही बघा. पिना ढिल्या झाल्या की प्लास्टिक वितळून तपकिरी होतं. तिथे वायरी नीट क्रिंप करून थेट जोडलेल्या बऱ्या.

वायरीत किती जातं याचा हिशोब कोणी करत नाही. बॅटरी मागे नेली, अंतर तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. सेल्फनं 100 अँपियर ओढले तर सहा स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत पावणेदोन व्होल्ट गळतात, सोळाच्या वायरीत पाऊण व्होल्टही नाही. सबमर्सिबलची उरलेली केबल लाइट-पंख्याला चालते, सेल्फला नाही, आणि सायलेन्सरपासून वीतभर दूर ठेवा. इंजिन रबरावर बसवलं असेल तर चेसिसपासून इंजिनपर्यंत अर्थची जाड पट्टी पाहिजेच. ती नसेल तर सेल्फ आपला अर्थ क्लचच्या वायरीतून शोधतो आणि केबल जळते.

एवढं करूनही पुरत नसेल तर दुसरा अल्टरनेटर. 40 अँपियरचा छोटा अल्टरनेटर पूर्ण लोडवर इंजिनाची सव्वा-दीड हॉर्सपॉवर खातो. वीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते परवडतं, आठच्या नाही. पट्टा प्रोपेलर शाफ्टवरून, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावरून, घेतला तर उभ्या गाडीत चार्जिंग शून्य, हे ध्यानात ठेवा.

बाईकला रिव्हर्स नसतो, म्हणून काहीजण सेल्फची मोटर लावून गाडी मागे ढकलतात. 150 अँपियर दहा सेकंद म्हणजे 0.42 अँपियर-अवर. तुमच्याकडे तीन अँपियर उरत असतील तर ते भरून यायला नऊ-दहा मिनिटं. शेताच्या धुऱ्यावर चार वेळा मागे-पुढे केलं की ईसीयू बंद. ऑटोरिक्षाचा रिव्हर्स गिअर बसवा, विजेचा प्रश्नच मिटतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र कधी काढू नका, व्होल्टेज उसळून ईसीयू जातो.

सगळं ठीक असूनही उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल, तर चावी काढून निगेटिव्ह वायरीत मल्टिमीटर मिलिअँपियरवर जोडा. 50 मिलिअँपियर दिसले तर 14 अँपियर-अवरची बॅटरी सहा दिवसांत अर्धी होते. एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडेल त्याच लाइनवर चोर आहे, बहुतेक वेळा चावीच्या आधी जोडलेला मोबाइल चार्जर.