एमसीबी पडायचा थांबला म्हणून घरचे निर्धास्त होते

मी नाशिकला घरगुती वायरिंगची कामं करतो. मागच्या थंडीत सिडकोतल्या एका जुन्या घरातून काकूंचा फोन आला, म्हणाल्या भाऊ किचनमधे कुठेतरी पाल मेलीय असा वास येतोय, ट्रॉल्या काढून बघितल्या काही नाही, पण आत्ता बोर्डाला हात लागला तर तो चांगलाच गरम आहे. मी म्हटलं काकू आधी मेन स्विच पाडा, मी निघालोच.

जुना लाकडी बोर्ड, वरून सनमायका. उघडला तर आतलं लाकूड कडेला काळं पडलेलं, सॉकेटचं प्लास्टिक मागून वितळलेलं आणि फेजची लाल वायर पार तपकिरी. बोटात धरली तर इन्सुलेशनचे तुकडे पडले, आतलं तांबं काळं. स्क्रू सैल होता. आता सैल स्क्रूचं असं असतं की करंट नेहमीएवढाच जातो, त्यामुळे एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडून लाइन तोडणाऱ्या स्विचला, काही कळतच नाही, फक्त तो सांधा तापत राहतो.

पण खरी गोष्ट डीबीत, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या बॉक्समधे होती. दीडची, म्हणजे दीड स्क्वेअर एमएमची बारीक वायर आणि तिच्यावर ३२ ॲम्पचा एमसीबी! काका म्हणाले आधी १० चा होता, गीझर घेतल्यापासून रोज सकाळी पडायचा, मग एकाने हा मोठा बसवून दिला, तेव्हापासून एकदाही पडला नाही. अहो पडणार कसा? २००० वॅटचा गीझर किचनच्याच लाइनवरून घेतलेला, सोबत तेवढ्याच वॅटचं इंडक्शन, दोन्ही मिळून १७ ॲम्पच्या वर जातात. १० चा एमसीबी रोज पडून वायर वाचवत होता, ३२ चा वायर जळेपर्यंत पडला नसता. पूर्वी किटकॅट फ्यूजमधे जाड तार गुंडाळायचे तोच हा प्रकार, आणि वायरमन म्हणवणारी माणसं असं करून पैसे घेतात याचा मला फार राग येतो.

काका म्हणत होते आत्ता नुसता बोर्ड बदला, बाकी दिवाळीत बघू. मी स्पष्ट नाही म्हणालो. पाइपातली वायरही थोडी ओढून दाखवली, तीही तशीच कडक झालेली. ओट्यावर पडलेले ते तुकडे बघून काकूच म्हणाल्या, सगळं करा.

गीझरला डीबीपासून वेगळी चारची वायर आणि २० चा एमसीबी, किचनच्या सॉकेटला नवीन अडीचची आणि १६ चा. अर्थिंग तपासलं आणि ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी लावला, कारण लीकेज, म्हणजे वायरमधून बाहेर अर्थिंगकडे किंवा माणसाच्या अंगातून जाणारा करंट, एमसीबी पकडत नाही, आरसीसीबी पकडतो.

काम चालू असताना शेजारच्या वहिनी आल्या, आमचंही बघता का म्हणून. त्यांचाही डीबी उघडला, तिथेही दीडच्या वायरवर ३२ च. तो तेव्हाच काढून १० चा टाकला, आणि गीझरची लाइन वेगळी होईपर्यंत गीझर चालू असताना इंडक्शन लावायचं नाही, एमसीबी पडला तर पडू दे पण कुणालाही तो बदलू द्यायचा नाही, असं त्यांना दोनदा सांगून आलो.