तीन बाटल्या आणि तळाचा थर

चार सिलिंडरचे, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर चालणारे, ६० हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचे, इंजिन त्या सकाळी माझ्या कार्यशाळेत आले, तेव्हा त्याच्याविषयी काही सांगण्याआधीच होडीमालकांनी पिशवीतून तीन अर्ध्यामुर्ध्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. "मिस्त्री, यांतल्या नेमक्या कोणत्या बाटलीने घात केला, तेवढे मला सांगा," असे ते म्हणाले. पहिली बाटली पेट्रोल टिकवणाऱ्या स्टॅबिलायझरची होती, दुसरी टाकीतले पाणी काढून टाकण्याचे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणाची आणि तिसरी ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलाची वेळेआधी न पेटण्याची क्षमता, वाढवणाऱ्या ऑक्टेन बूस्टरची. धक्क्यापाशी इंजिन शांत चालत होते. पण खुल्या पाण्यात थ्रॉटल उघडून होडीचे नाक वर उचलले की दोन-तीन मिनिटांत ते आचके देऊन बंद पडत होते आणि दोनदा ती होडी दुसऱ्या होडीने ओढून आणावी लागली होती. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच दिवशी दिले, परंतु ते मला अजून पुरे वाटत नाही, कारण तीनपैकी पहिली बाटली त्यांनी माझ्याच शब्दावर आणली होती.

कम्प्रेशन चारही सिलिंडरांत सारखे होते आणि ठिणगीही चांगली होती. मग मी होडीच्या टाकीकडून येणारा पाइप काढून, ताज्या पेट्रोलाची सुटी टाकी जोडली आणि इंजिन चाचणीच्या हौदात अर्धा तास चालवले. ते एकदाही अडखळले नाही. या तपासणीने बंद पडण्याचे मूळ इंजिनात नसून होडीकडून येणाऱ्या इंधनात आहे, हे ठरते, आणि ती करायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. तरीही दोनच आठवड्यांपूर्वी या इंजिनाला दुसऱ्या एका कारागिराने नवा फ्युएल पंप बसवून दिला होता. आमच्या धंद्यातली ही सवय मला मनापासून खुपते. आधी भाग बदलायचा आणि मग, तोही न जमल्यास, विचार करायचा, ही दुरुस्ती नव्हे.

टाकीच्या तळातून मी नळीने एक लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत काढले आणि ती उजेडात ठेवली. वरचा भाग फिकट पिवळा होता आणि त्याखाली बरणीच्या जवळजवळ निम्म्या उंचीपर्यंत किंचित दुधट, रंगहीन द्रव होता. दोहोंमधली रेघ इतकी सरळ आणि स्वच्छ होती, की जणू मध्ये काच बसवली आहे. बरणी हलवली की सगळे गढूळ होई, आणि काही मिनिटांत रेघ पुन्हा आपल्या जागी येई. मालक बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. "एवढे पाणी?" असे त्यांनी विचारले. ते नुसते पाणी नव्हते, आणि या प्रकरणाचे मर्म नेमके तेथेच आहे.

ज्या पेट्रोलात १० टक्के इथेनॉल हे अल्कोहोल असते, ते साधारण खोलीच्या तापमानाला आपल्या आकारमानाच्या अर्धा टक्का इतके पाणी विरघळवून ठेवू शकते. थंडी वाढली की ही क्षमता कमी होते. त्यांच्या टाकीत असेच ५० लिटर पेट्रोल पाच महिने पडून होते, म्हणजे पाव लिटर पाण्यापर्यंत डोळ्यांना काहीही दिसले नसते. त्यापुढे पाणी गेले, की ते इथेनॉलला पेट्रोलातून ओढून घेते आणि दोघे मिळून तळाशी बसतात. ५० लिटरांत ५ लिटर इथेनॉल असल्यामुळे पाणी थोडे असले तरी थर जाड होतो. वर राहिलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन इथेनॉल गेल्यामुळे उतरतो आणि खालचा थर तर इंजिनाला पेलतच नाही. धक्क्यापाशी इंजिन का चालत होते, याचेही उत्तर यातच आहे. या टाकीत पेट्रोल ओढणारी नळी मागच्या बाजूला, तळापासून थोडी वर होती; होडी समतल असताना तिला वरचे पेट्रोल मिळे, आणि नाक वर उचलले की सगळा जड थर मागे येऊन नळीच्या तोंडाशी साचे.

हेच इंधन इंजिनातूनही गेले होते, म्हणून नंतरचे चार तास पेट्रोलातली वाफ वेगळी करणाऱ्या व्हेपर सेपरेटरमध्ये गेले. हा इंजिनावरचा लहानसा कप्पा बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, पण इंजेक्टरला जाणारा प्रत्येक थेंब त्यातून जातो. झाकण काढले तेव्हा तळाशी ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरट भुकटी होती, फ्लोटच्या नीडलचे, म्हणजे पेट्रोलाची आवक रोखणाऱ्या सुईचे, टोक तपकिरी डिंकाने चिकटले होते आणि पंपाच्या जाळीवर तोच डिंक पापुद्र्यासारखा बसला होता. अशा ठिकाणी तार घालणे मी कटाक्षाने टाळतो, कारण नीडलच्या बैठकीवर केसाएवढा ओरखडा आला तरी कप्पा गळू लागतो. क्लीनरमध्ये भिजवावे, हवेने फुंकावे आणि धीर धरावा, एवढेच करता येते. इंजेक्टर काढून मी चाचणीच्या यंत्रावर लावले आणि खालच्या चार काचेच्या नळ्यांत फवारा जमा केला. तीन नळ्यांत पातळी जवळपास सारखी होती आणि चौथीत बोटभर कमी. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या, सफाईनंतर चारही पातळ्या एका रेषेत आल्या, तेव्हा मी मालकांना मुद्दाम बोलावून त्या दाखवल्या. हे काम नीट झाल्याचे समाधान मला अजूनही आहे.

आता त्या तीन बाटल्यांविषयी. ऑक्टेन बूस्टर मी सरळ बाजूला ठेवला. साध्या पेट्रोलासाठी बनवलेल्या इंजिनाला जास्तीच्या ऑक्टेनमधून काहीही मिळत नाही आणि लोह किंवा मँगनीज असलेले असे द्रव स्पार्क प्लगच्या टोकावर तांबूस थर चढवतात; यांचे चारही प्लग तसेच होते. दुसऱ्या बाटलीत लेबलनुसार मुख्यतः आयसोप्रोपिल अल्कोहोल होते. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलात चमचाभर पाणी असेल तर ते त्याला विरघळवून ज्वलनापर्यंत नेऊ शकते. पण जेथे आधीच ५ लिटर अल्कोहोल आहे, तेथे आणखी पाव लिटर ओतून वेगळा झालेला थर परत मिसळेल, अशी आशा करणे चुकीचे आहे. असे पेट्रोल टाकीतून काढून नियमाप्रमाणे विल्हेवाटीसाठी द्यावेच लागते.

राहिली पहिली बाटली. स्टॅबिलायझर खोटे औषध नाही, हे मी ठामपणे लिहितो. त्यातील अँटिऑक्सिडंट पेट्रोलाचे ऑक्सिडीकरण मंदावतात आणि डिंक उशिरा धरतो. मात्र ते ताज्या पेट्रोलात घालावे लागते आणि त्यानंतर इंजिन दहाएक मिनिटे चालवावे लागते, म्हणजे औषध लागलेले पेट्रोल सेपरेटर आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचते. यांनी ते होडी उभी केल्यावर तीन महिन्यांनी, आठवण झाली तेव्हा, टाकीत ओतले आणि किल्लीला हातही लावला नाही. शिळे पेट्रोल त्याने ताजे होत नाही, आणि पाण्यावर तर त्याचा काही इलाजच नाही. आदल्या हंगामात कामाच्या गर्दीत मी त्यांना एवढेच म्हणालो होतो, "काका, होडी उभी करताना स्टॅबिलायझर घाला." केव्हा, किती आणि पुढे काय, हे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती. लोकांना सवयीपेक्षा बाटली जवळची वाटते, अशी तक्रार मी नेहमी करतो. त्या दिवशी ध्यानात आले की मीही त्यांना फक्त बाटलीच दिली होती.

पाण्याचा हिशेब मात्र संध्याकाळपर्यंत लागत नव्हता. दमट हवेतून टाकीत ओल येते हे खरे, पण इतका थर तिच्यामुळे पाच महिन्यांत होईल, हे मला पटेना. मी पेट्रोल भरण्याच्या तोंडाचा पाइप टाकीपासून सोडवला, त्याच्या खालच्या टोकाशी पांढरे फडके धरले आणि मालकांना डेकवरच्या बंद झाकणावर पाणी ओतायला सांगितले. दुसऱ्या तांब्याला फडके भिजले. झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक होऊन दोन ठिकाणी तडकली होती, आणि प्रत्येक पावसात ती थोडे थोडे पाणी आत सोडत होती. तीन बाटल्या आणि एक पंप यांच्यावर खर्च झाला, आणि बोटाएवढ्या त्या रबराकडे आम्हा तिघांपैकी कोणीही पाहिले नव्हते.

टाकी धुऊन, सुकवून, नवी ओ-रिंग आणि १० मायक्रॉनचा, पारदर्शक वाटी असलेला पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवून आम्ही दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात नेली. पाऊण तास थ्रॉटल उघडा ठेवला तरी इंजिन एकदाही दबले नाही. परतताना काकांनी पुन्हा विचारले, "मग स्टॅबिलायझर घालू की नको?" या वेळी मी ते कागदावर लिहून दिले: होडी दोन महिन्यांहून अधिक उभी राहणार असेल तरच, ताज्या पेट्रोलात, बाटलीवरच्या मापाने, आणि मग दहा मिनिटे इंजिन चालवून, इतर वेळी पेट्रोल थोडे भरा आणि लवकर संपवा. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. धक्क्याला लागल्यावर मी फिल्टरची वाटी उजेडात धरली, तेव्हा तिच्या तळाशी पाण्याचे तीन-चार मणी अजून फिरत होते. दहा तास चालवून झाल्यावर होडी पुन्हा घेऊन या, असे मी त्यांना सांगितले आहे.