तुम्ही विचारलंत म्हणून: पूर बघूनही त्या उजाड जगात कशाला?

"पूर डोळ्यांनी बघितलास, चिखल उपसलास, तरी रात्री परत त्या उजाड जगात कशाला जाऊन बसतोस?" घरचे विचारतात, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारखान्यातले सोबती विचारतात, मेहुणा तर प्रत्येक दिवाळीला विचारतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: अजून संपला नाही का तो गेम?

गेम म्हणजे 'फॉलआउट: न्यू व्हेगास', 2010 चा; अणुयुद्धानं उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत फिरायचा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मला तो संपवायचा नाही. हूव्हर धरणाची शेवटची लढाई झाली की कुठल्या वस्तीचं पुढं काय झालं ते एकेक चित्र दाखवून सांगतात आणि खेळ बंद होतो, त्यानंतर फिरता येत नाही. म्हणून मी धरणाकडं जातच नाही. माझ्या डोक्यात गोळी घालून मला पुरणारा माणूस शोधायचा, हे मुख्य काम. ते राहू दे, आधी पलीकडचं मोडकं खोपट बघून येऊ म्हटलं तरी कुणी घाई करत नाही.

पूर्वी मी सगळ्यांना हेच सांगायचो, की तिथं कुणी अडवत नाही. आता मलाच ते पटत नाही. खेळ सुरू होतो त्या गुडस्प्रिंग्स गावाहून व्हेगासला उत्तरेकडून जवळचा रस्ता आहे, पण नवख्याला खाणीपाशी डेथक्लॉ नावाची राक्षसी जनावरं फाडून टाकतात. दक्षिणेकडून लांबचा फेरा घालावाच लागतो. मोकळीक आहे, पण तेवढ्यासाठी एवढी वर्षं कोण खेळेल? मी खेळतो ते तिथल्या घरांसाठी. पलंगावर सांगाडा, दाराला आतून लावलेलं कपाट, टेबलावर औषधाची रिकामी बाटली. कुणी काही समजावून सांगत नाही. शेवटच्या दिवशी इथं काय झालं ते वस्तूंवरून आपण ओळखायचं. ही नजर मला त्या गेमनं दिली, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये ती मला नको तिथं वापरावी लागली.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 च्या वर गेलं. हे तुम्हाला मी सांगायला नको. शेजारचे काका-काकू महामार्ग बंद व्हायच्या आधी लेकीकडं साताऱ्याला गेले होते. चिखलीकडचा त्यांचा ऊस बुडालेला. घराची किल्ली माझ्याकडं होती. पाणी उतरल्यावर फोन आला, "आत जाऊन बघ रे, काय राहिलंय."

दार ढकलावं लागलं. भिंतीवर काकांनी 2005 च्या पुराची रेघ तेलरंगानं ओढून ठेवली होती. खोलीतलं सगळं त्या रेघेच्या हिशेबानं मांडलेलं. पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा, आणि त्यांच्यावर तिसरी, वेगळ्या रंगाची; ती परसातल्या तुळशीकट्ट्याची होती. म्हणजे पाणी वाढतंय म्हटल्यावर घाईनं कट्टा फोडला होता. सिलिंडर खिडकीच्या गजाला जुन्या साडीनं बांधलेला. काकूंचं शिलाई मशीन पलंगावर, वर चादर, चादरीला चारी बाजूंनी गाठी. मशीन रेघेच्या वर हातभर राहील एवढी उंची त्यांनी साधली होती. 2019 च्या पाण्याची खूण त्याच भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर होती.

मी उभ्या उभ्या सगळं वाचलं. आधी दोन विटा, मग तिसरी, मग गाठी, मग गाडी आली असणार, कारण खुंटीवरची पिशवी अर्धीच भरलेली. सगळं जुळलं आणि क्षणभर मला बरं वाटलं. काकूंचं मशीन चिखलात, आणि मला कोडं सुटल्याचं समाधान. फोनवर काकू आल्या. "मशीन राहिलं का रे?" मी म्हटलं, "चिखल लई हाय काकू, नीट दिसंना." मला स्पष्ट दिसत होतं.

या खेळानं मन निबर होतं, असं तुम्ही म्हणता तेव्हा मला तो क्षण आठवतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही. पण मग हेही ऐका. अर्धी भरलेली पिशवी बघून मला वाटलं, दुसरी कुठंतरी पूर्ण भरून वर ठेवलेली असणार. माळ्यावर घंगाळामागं ती सापडली. जमिनीचे कागद, पासबुकं, लेकीच्या लग्नाचे फोटो, सगळं कोरडं. दुसरा कुणी गेला असता तरी सापडली असती का? असेलही. माझ्या बाजूनं मांडायला माझ्याकडं एवढंच आहे.

आणि त्या जगाला उजाड म्हणू नका. तिथं मका पिकतो, कर गोळा होतो, निवडणुका होतात, पाण्यावरून भांडणं होतात. व्हेगासजवळच्या शेतांना पाणी पुरत नाही. कारण शोधत गेलं की वाट 34 नंबरच्या व्हॉल्टमध्ये, जमिनीखालच्या निवाऱ्यात उतरते. तिथल्या बिघडलेल्या अणुभट्टीतून किरणोत्सर्ग पाण्यात उतरतोय, आणि आत काही माणसं अजून जिवंत अडकलेली आहेत. गळती बंद केली तर शेतं वाचतात, माणसं मरतात. माणसांना वाट करून दिली तर शेतं जातात. आपल्याकडं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पाणी किती सोडायचं यावर वाद होतो आणि ठरवणारे लांब कुठंतरी बसलेले असतात. इथं ठरवणारा मी. दोन्ही करून बघितलं, दोन्ही वेळा झोप आली नाही.

काकूंना हे एकदा सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "माणसं काढ की आधी. शेती काय, परत हुती." काका पेपर वाचत होते. "परत हुती म्हणणाऱ्यानं कुजलेला ऊस तोडून बघावा एकदा," ते म्हणाले. दोघांचं त्यावर जुंपलं, आणि मी विषय काढला की अजून जुंपतं.