आमची वाटचाल: शुद्ध निकेलच्या एका सेंटची कथा

न्यू जर्सीतील आमची नाण्यांची पेढी छोटी असली, तरी अमेरिकी पॅटर्न नाण्यांच्या (म्हणजे चलनात आणण्याआधी चाचणीसाठी पाडलेल्या नमुना नाण्यांच्या) बाबतीत, त्यातही नेहमीचा धातू सोडून भलत्याच धातूत पाडलेल्या नमुन्यांच्या बाबतीत, येथे आमचा शब्द प्रमाण मानतात, हे मी अभिमानाने नमूद करतो. बाकीचा माल आम्ही ठेवतो तो भाडे निघावे म्हणून.

१८९६ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने ढालीचे चित्र असलेला एक सेंटचा नमुना शुद्ध निकेल, ब्राँझ आणि अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंत पाडून पाहिला. त्यातील निकेलच्या एका नगाने आमच्या दुकानाला टाळे लागण्याची वेळ आणली. प्रदर्शनात शेजारी टेबल मांडलेल्या एका व्यापाऱ्याने, ज्याचे नाव येथे घेण्याइतका मान मी त्याला देणार नाही, "हे मुलामा दिलेले ब्राँझ आहे" अशी कुजबुज गिऱ्हाइकांत पसरवली. विकलेला माल परत येऊ लागला, उधारीवर माल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि भाडे थकले.

तेव्हा पाठीशी उभे राहिले ते आमचे जुने गिऱ्हाईक, मूळचे साताऱ्याचे एक निवृत्त धातुतज्ज्ञ काका. त्यांनी ते नाणे बारीक दोऱ्याने टांगून आधी हवेत आणि मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तोलले. घनता ८.९ च्या आसपास भरली. परंतु ब्राँझचीही जवळपास तेवढीच असल्याने तेवढ्याने वाद मिटणारा नव्हता. मग त्यांनी चुंबक जवळ नेला आणि नाणे टपकन चिकटले. पातळ मुलाम्याचे ब्राँझ असे उचलले जात नाही, आणि आत पोलाद असते तर घनता ८ पर्यंतही पोहोचली नसती. (चलनातल्या पाच सेंटला सगळे 'निकेल' म्हणत असले, तरी त्यात निकेल २५ टक्केच, बाकी तांबे, चुंबक त्याला ओळखही दाखवत नाही.) काकांनी तो नग तेथेच रोख पैसे मोजून घेतला.

नव्याने या छंदात पडणाऱ्यांनी दोन्ही चाचण्या केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, 'जड' (Judd) क्रमांक, म्हणजे पॅटर्न नाण्यांच्या यादीतला क्रमांक, धातूनुसार बदलतो हे ध्यानात ठेवून प्रमाणपत्र वाचावे, आणि अ‍ॅल्युमिनियमचा नमुना कपड्याने पुसण्याचा मोह आवरावा.

तो व्यापारी हल्ली स्वतःच पॅटर्न विकतो आणि टेबलावर ऐटीत चुंबक ठेवतो. पाण्यात तोलण्याचा काटा मात्र त्याच्याकडे अजून दिसलेला नाही.