तुम्ही विचारलंत म्हणून: माशांच्या टँकमधली झाडं का वितळतात?

"नवीन झाडं लावली, आठ दिवसांत पानं पारदर्शक होऊन गळायला लागली, कुठलं खत घालू?" हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की म्हटलं आता एकदाच नीट लिहून टाकावं.

तर खत राहू दे बाजूला. विकत मिळणारी बरीचशी झाडं मुळात पाण्याबाहेर वाढवलेली असतात, मुळं ओलाव्यात आणि पानं दमट हवेत, त्यामुळे ती पानं हवेतून कार्बन डायऑक्साइड घ्यायला बनलेली असतात आणि पाण्यात बुडवली की त्यांचा फारसा उपयोगच राहत नाही. मग झाड जुनी पानं मोडीत काढतं आणि त्यातून पाण्यात चालतील अशी नवीन पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरिन तर कधीकधी सगळीच पानं टाकून मोकळं होतं, आणि लोक ते मेलं म्हणून उपटून फेकतात. अहो, मुळं जिवंत असतात! फक्त सडकी पानं कात्रीने काढून टाका (ती पाण्यात कुजली की अमोनिया वाढतो आणि शेवाळाला आयतं आमंत्रण) आणि काही आठवडे त्याला हलवू नका. झाड जगतंय का हे बघायचं तर शेंडा बघा.

अनुबियास आणि जावा फर्न मात्र वेगळ्याच कारणाने मरतात. त्यांचा तो जाड आडवा कंद वाळूत पुरला की सडतो. दोऱ्याने दगडाला नाहीतर लाकडाला बांधा, बास. जावा फर्नच्या पानाखाली काळपट पुटकुळ्या दिसल्या की लगेच फोटो पाठवून "रोग आहे का" विचारतात, तर तो रोग नाही, ते बीजाणूंचे पुंजके असतात, आणि जुन्या पानांवर तर इवली पिल्लं फुटतात, मुळांसकट.

आता लाईट. झाड सुकतंय म्हटलं की लोक लाईट वाढवतात, आणि माझ्या मते निम्मे टँक इथेच बिघडतात. लाईट वाढला की झाडाची भूकही वाढते, खाणं आणि कार्बन डायऑक्साइड तेवढाच राहिला तर झाड अडकतं आणि शेवाळाचं फावतं. सुरुवातीला 6 तास पुरे, फार तर 8, आणि टायमर लावाच, कारण हाताने बंद करणारा माणूस विसरतोच.

एवढं करूनही नवीन पानं नीट येत नसतील तर मग खताचं बोलू, पण आधी कुठलं पान खराब आहे ते बघून. नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं अख्खी पिवळी पडतात. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि कडेने पिवळेपणा असेल तर बहुतेक पोटॅशियम. लोह मात्र झाडाला असं इकडून तिकडे नेता येत नाही, त्यामुळे शेंड्याची कोवळी पानंच फिकट होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणजे खाली पिवळं दिसतंय आणि तुम्ही लोहाची बाटली ओतताय, तर काय उपयोग?

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर हवाच का? नाही. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, वॅलिसनेरिया यांना नाही लागत. लाल झाडं किंवा जमिनीलगतची दाट हिरवळ हवी असेल तर घ्या, लोक साधारण 30 पीपीएमच्या (लिटरभर पाण्यात 30 मिलिग्रॅम) आसपास ठेवतात, लाईटच्या तास-दोन तास आधी चालू आणि रात्री बंद, कारण अंधारात झाडं तो वापरत नाहीत. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की आधी गॅस बंद करा आणि पाणी खळखळू द्या, झाडांचं नंतर बघू.

नवीन टँक असेल तर पहिले काही आठवडे हॉर्नवर्टसारखं भराभर वाढणारं काहीतरी भरपूर टाकून ठेवा, ते पाण्यातलं जास्तीचं खाऊन टाकतं आणि नंतर काढून टाकता येतं. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं हे तर आलंच.

आणि हो, टँकमध्ये गोल्डफिश असतील तर जरा रात्री नाहीतर सकाळी लक्ष ठेवून बघा, तुमची झाडं वितळत नसतील, खाल्ली जात असतील.